रुग्ण क्रमांक चारला डोकेदुखी होत नाही

मानवी मेंदूइतकी गुंतागुंतीची वस्तू अखिल विश्वात दुसरी नाही. हे मत मेंदूने स्वतःच दिलेलं असल्यामुळे ते थोडं घरचं धरावं लागतं. पण त्यावर अद्याप कोणी लेखी आक्षेप घेतलेला नाही. मेंदूच्या खालोखाल गुंतागुंतीची गोष्ट म्हणजे मेंदूवर लिहिलेल्या लेखांची मोजणी. ती आमच्याकडे होते.

आमचा 'संशोधन प्रभाव मापन कक्ष' बालरुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, लसीकरणाच्या खोलीला लागून आहे. मधली भिंत प्लायवुडची. पलीकडे दिवसभर पोरं टाहो फोडत असतात आणि अलीकडे दोन कारकून आणि एक संगणक रुग्णालयाची जागतिक कीर्ती मोजत असतात. (पूर्वी तिसरा कारकूनही होता. रडण्याला कंटाळून त्याने तक्रार निवारण कक्षात बदली मागून घेतली. तिथे मोठी माणसं रडतात, असं त्याने नंतर कळवलं.) मी या कक्षाचा प्रमुख. यंदा एकोणीस वर्षं झाली.

कक्षाचं मुख्य उत्पादन म्हणजे निर्देशांक. तो काय असतो हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांनीही ऐकून घ्यायला हरकत नाही. समजा, एखाद्या डॉक्टरचे दहा लेख असे आहेत, की त्यांतल्या प्रत्येकाचा उल्लेख इतर लेखांत किमान दहा वेळा झालेला आहे. मग त्या डॉक्टरचा निर्देशांक दहा. वीस लेख, प्रत्येकी वीस उल्लेख, तर वीस. उल्लेख कशासाठी केला, हे विचारायचं नसतं. 'यांनी निर्विवाद सिद्ध केल्याप्रमाणे' हाही एक उल्लेख आणि 'यांच्या या विधानाला आम्हाला कुठेही आधार सापडला नाही' हाही एकच उल्लेख. ज्याचं नाव दहा तोंडी आहे तो मोठा माणूस. त्या तोंडांत नावाच्या पुढे काय येतं, ही ज्याची त्याची भाषा झाली.

सहा वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या परिषदेने या निर्देशांकाला त्याची योग्य जागा दिली. तोवर शस्त्रक्रियागृहाचा वेळ कोणतं मूल किती आजारी आहे यावर वाटला जायचा. ही पद्धत अत्यंत अशास्त्रीय होती, कारण प्रत्येक आईबापाला आपलंच मूल जास्त आजारी आहे असं वाटे आणि जिन्यात भांडणं होत. परिषदेने परिपत्रक काढलं: यापुढे शस्त्रक्रियागृहाचा वेळ शल्यविशारदांना त्यांच्या निर्देशांकाच्या प्रमाणात मिळेल. भांडणं थांबली. निर्देशांकाशी कोण भांडणार.

मेंदू विभागाच्या बाहेर, बदकांची चित्रं असलेल्या बाकाच्या वर, हा फलक लावलेला आहे. सर्वांत वर प्राध्यापक: निर्देशांक एकोणचाळीस, सोमवार, मंगळवार आणि अर्धा शुक्रवार. त्यांच्याखाली एक डॉक्टरीणबाई: चौदा. सर्वांत तळाला, चपला ठेवायच्या मांडणीच्या किंचित वर, टाकेवाले डॉक्टर: दोन, गुरुवार, सकाळी आठ ते अकरा.

टाकेवाले डॉक्टर हे त्यांचं नाव नव्हे. पण नाव कोणाला आठवत नाही. तीस वर्षं ते इथे मुलांची डोकी उघडताहेत आणि मिटताहेत. आतल्या सिस्टर सांगतात की तीन हजार एकशेच्या वर झाली असतील. (सिस्टर हे वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजतात. ही पद्धत मान्यताप्राप्त नाही.) एवढ्या काळात त्यांनी दोन लेख लिहिले. पहिल्याचा आशय असा, की शस्त्रक्रियागृहातला दिवा लुकलुकतो. दुसऱ्याचा आशय असा, की पहिल्या लेखात दिव्याचा क्रमांक चुकीचा पडला होता. दोन्हींचा उल्लेख दोनदा झालेला आहे, दोन्ही वेळा दिवे बनवणाऱ्यांकडून.

इथे एक गोष्ट नमूद करणं मला प्राप्त आहे. फलकावर डॉक्टरीणबाई आणि टाकेवाले डॉक्टर यांच्या मधे माझं नाव आहे. निर्देशांक पाच. प्राध्यापकांच्या आठ लेखांचा मी अकरावा लेखक आहे, कारण मोजपट्टी माझ्या हातात होती. फलकाची यादी संगणक काढतो, आणि संगणक कोणाची जात विचारत नाही तसा हुद्दाही विचारत नाही. त्यामुळे दर बुधवारी सकाळी नऊ ते एक शस्त्रक्रियागृह क्रमांक दोन माझ्या नावे असतं. पहिल्याच महिन्यात मी परिषदेला लेखी कळवलं होतं, की मला शस्त्रक्रिया येत नाही. ती यायला हवी अशी अट परिपत्रकात नाही, असं उत्तर आलं. तेव्हापासून दर बुधवारी दिवे लागतात, हत्यारं उकळून निघतात, एक वाजता दिवे विझतात. मी ती वेळ वापरत नाही. माझ्या विनयाची नोंद एका वार्षिक अहवालात झालेली आहे.

आता प्राध्यापक. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे आणि तो मी आठ वेळा अकराव्या क्रमांकाने जाहीर केलेला आहे. काही मुलांच्या डोक्यात पाणी साठतं. ते काढायला कातडीखालून एक बारीक नळी घालतात. डोक्यापासून मानेवरून खाली पोटापर्यंत. पाणी पोटात उतरतं आणि पोट ते मुकाट्याने जिरवतं. हे जगभर करतात. प्राध्यापकांचं योगदान असं, की नळी डोक्यात शिरते तिथे ती अकरा अंश तिरकी असावी. त्याआधी लोक ती कशीही घालत आणि मुलं कशीही बरी होत.

पंचवीस वर्षांपूर्वी या पद्धतीने सात मुलांवर शस्त्रक्रिया झाली. पैकी सहा रुग्ण कालांतराने संपर्कातून गेले. (रुग्ण संपर्कातून जातो, म्हणजे त्याचा पत्ता बदलतो, किंवा तो दुसरं रुग्णालय धरतो, किंवा त्याचा बाप दारात येऊन वाटेल ते बोलून जातो. शास्त्र या तिन्हींत भेद करत नाही.) संपर्कात उरलेल्या रुग्णांपैकी शंभर टक्के रुग्णांची नळी निर्दोष चालली. हे शंभर टक्के म्हणजे रुग्ण क्रमांक चार.

या शंभर टक्क्यांवर प्राध्यापकांनी त्रेसष्ट लेख लिहिले. सहा महिन्यांनंतरचा, वर्षानंतरचा, दीड वर्षानंतरचा, असे पाठपुराव्याचे चोवीस. त्याखेरीज 'अकरा अंशी नळी आणि दुधाचे दात', 'अकरा अंशी नळी आणि पाढे पाठ होण्याचा वेग', 'अकरा की साडेअकरा? एक फेरविचार', त्या फेरविचाराचा फेरविचार, आणि सहा रुग्ण संपर्कातून का गेले यावर एक तात्त्विक चिंतन, ज्यात त्या सहांपैकी कोणालाही विचारलेलं नाही. एकूण उल्लेख चार हजार आठशे बारा. त्यांची फोड आमच्या कक्षाने परिश्रमपूर्वक केली आहे: प्राध्यापकांनी स्वतःचे केलेले एकोणीसशे; त्यांच्या विद्यार्थ्यांनी पदवी मिळण्याआधी केलेले तेराशे; परदेशातल्या दोन मित्रांनी 'अहो रूपम् अहो ध्वनिः' या तत्त्वाने केलेले सातशे; खोडून काढण्यासाठी केलेले सहाशे चाळीस; दुसऱ्याच्या यादीतून न वाचता उतरवलेले दोनशे एक्काहत्तर; वाचून केलेला एक. या एकाशी आम्ही संपर्क साधला. तो मुद्रितशोधक निघाला.

रुग्ण क्रमांक चार शस्त्रक्रियेच्या वेळी दोन वर्षांची होती. आता सत्तावीस वर्षांची आहे आणि क्रेन चालवते. उंच इमारती बांधताना सगळ्यांत वर एक काचेची खोली टांगलेली दिसते, तिच्यात ती बसते. (लेख क्रमांक अठ्ठावन्न: 'रुग्ण उंचीवर काम करते, यावरून पद्धतीची उंची लक्षात यावी.') दर वर्षी ती मोजून घ्यायला येते. लेखात ती बालरुग्ण म्हणून दाखल असल्याने मोजणीही बालरुग्णालयातच होते. मेंदू विभागाच्या बाकाशेजारी भिंतीवर जो जिराफ आहे, त्याच्याशी तिला उभं करतात. जिराफ साडेचार फुटांवर संपतो, म्हणून तिच्या उंचीपुढे गेली सोळा वर्षं 'जिराफाहून अधिक' अशी नोंद आहे. मग ती बदकांच्या खुर्चीत बसते, तिचे गुडघे हनुवटीला लागतात, आणि मी तिच्या डोक्याभोवती पट्टी फिरवतो. आठ वर्षांची असल्यापासून ती मला काका म्हणते.

बरोबर तिची आई असते. आईच्या मांडीवर फाईल असते आणि फाईलमध्ये त्रेसष्ट लेखांच्या प्रती. आईला त्यांतलं एक अक्षर कळत नाही. पण कोणता लेख कितवा, हे तिला मुलीच्या वाढदिवसासारखं तोंडपाठ आहे. इमारतीत, नात्यागोत्यात, भाजीच्या रांगेत ती 'आमचे प्राध्यापक' असंच म्हणते.

मोजणीचा विहित नमुना चौसष्ट रकान्यांचा आहे. उंची, वजन, डोक्याचा घेर, दातांची संख्या, हास्य (आहे/नाही) वगैरे. त्यात 'डोकेदुखी' असाही एक रकाना पूर्वी होता. मुलगी नऊ वर्षांची असताना तिने 'गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुखतं' असं सांगितलं, मी ते प्रामाणिकपणे लिहिलं, आणि लेख तपासणाऱ्या एका परीक्षकाने त्यावर दोन पानी शंका काढली. लेख सात महिने रखडला. पुढच्या वर्षीपासून तो रकाना रद्द करून तिथे 'आवडता रंग' घेण्यात आला. 'पुनर्शस्त्रक्रिया' या रकान्यात मात्र 'नाही' हे उत्तर छापूनच येतं. दर वर्षी तेच लिहायचं, तर हाताला श्रम कशाला, म्हणून एकदम पाचशे नमुने छापून घेतले. त्यांतले चारशे एक्क्याऐंशी शिल्लक आहेत.

यंदाची मोजणी विशेष महत्त्वाची होती. प्राध्यापकांचा निर्देशांक एकोणचाळीसवरून चाळीस व्हायला फक्त एक उल्लेख कमी पडत होता. चाळीस झाले, की विद्यापीठाचं आजीव आसन मिळतं. त्या आसनावरून मरेपर्यंत कोणी उठवू शकत नाही. मुदत वीस दिवसांवर आलेली. चौसष्टावा लेख, 'पंचवीस वर्षांनंतर', लिहून, तपासून, स्वीकारूनही झाला होता. त्यात हवा तो उल्लेखही होता. चार जागा तेवढ्या कोऱ्या होत्या: उंची, वजन, घेर आणि हास्य.

सोमवारी मायलेकी आल्या. मी पट्टी काढली, तेव्हा क्रेनवाली म्हणाली, की काका, दीड महिना डोकं दुखतंय. सकाळी उठल्यावर फार. मी रकान्यांवरून नजर फिरवली आणि तिला आवडता रंग विचारला.

"पिवळा. काका, वरून खाली बघते तर दोन हूक दिसतात."

"मग?"

"मग काय, अंदाजाने एक खरा धरते. आतापर्यंत बरोबर आलाय."

साइटवरच्या मुकादमाने तिला दोन दिवसांपूर्वी खाली उतरवलं होतं. डॉक्टरची चिठ्ठी आण, तोवर वर पाऊल ठेवायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. तिला चिठ्ठी हवी होती, आणि चिठ्ठीआधी डोक्यात काय चाललंय ते कोणीतरी बघायला हवं होतं. आईचं म्हणणं वेगळं. रात्री मोबाइलमध्ये डोळे घालून बसते, वेळेवर जेवत नाही, त्याने दुखतं. नळीला काही होणं शक्य नाही. ती प्राध्यापकांची नळी आहे, ती बिघडत नाही असं त्रेसष्ट वेळा छापून आलंय.

"छापतात गं आई," क्रेनवाली म्हणाली. "बघत कोणी नाही."

आईने तिच्या मांडीवर चापट मारली आणि माझ्याकडे बघून, मनावर घेऊ नका भाऊ, अशी मान हलवली.

मी माझ्या अधिकारात होतं तेवढं केलं. प्राध्यापकांच्या कार्यालयाकडे तीन प्रतींत टिपण पाठवलं. ते परदेशी परिषदेला गेले होते. (भाषणाचा विषय: रुग्ण क्रमांक चार.) दुसऱ्या दिवशी त्यांच्या साहाय्यकाचं उत्तर आलं. ते सुस्पष्ट होतं: 'रुग्ण क्रमांक चारला डोकेदुखी होत नाही. पाहा: लेख क्रमांक सत्तावन्न, तक्ता तीन.' मी लेख काढून पाहिला. खरंच होत नव्हती. शिवाय त्या लेखाचा अकरावा लेखक मी असल्यामुळे मला त्याविरुद्ध बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी फोनवर तक्ता वाचून दाखवला. आईला फार बरं वाटलं. मागून मुलगी काहीतरी म्हणाली, ते विहित नमुन्यात बसण्यासारखं नव्हतं.

बुधवारी सकाळी साडेनऊला त्या पुन्हा आल्या. क्रेनवाली बसमध्ये दोनदा ओकली होती. आईने तिला दंडाला धरून वर आणलं आणि बदकांच्या बाकावर बसवलं. तिचे डोळे मिटत होते. आई गालावर थापट्या मारून तिला जागं ठेवत होती. प्राध्यापक कधी येणार, असं तिने मला विचारलं. आठ दिवसांनी, मी म्हटलं.

"थांबतो आम्ही," आई म्हणाली. आणि ती खरोखरच थांबायच्या तयारीने पिशवी बाकाखाली सरकवून बसली.

दुसऱ्या कोणाला दाखवू या का, असं मी सुचवून पाहिलं. तिने मान वर करून फलक वरपासून खालपर्यंत वाचला. दोन म्हणजे शंभरात दोन का, असं विचारलं. तसं नसतं, हे मी समजावून सांगितलं. पण समजावून सांगितल्यावर दोन जास्तच कमी वाटू लागले. पंचवीस वर्षं एका हातात आहे, ती म्हणाली, आता ऐन वेळी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही.

इतक्यात टाकेवाले डॉक्टर जिन्याने वर आले. एका हातात चहाचा कागदी कप होता. बाकाशी थांबले, मुलीकडे पाहिलं, कप जिराफाच्या पायाशी ठेवला आणि काही न विचारता तिच्या कानामागून मानेवरून बोट खाली नेऊ लागले. गळ्याच्या हाडापाशी पोचण्याआधीच ते थांबलं. तिथे दोन बोटं रुंद पोकळी होती.

"इथे तुटलीय," ते म्हणाले.

आई म्हणाली, की नळी प्राध्यापकांनी बसवलेली आहे, त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

डॉक्टरांनी बोट परत कानामागे नेलं आणि तिथला एक कठीण मणी चाचपला. "ही गाठ माझी आहे. तीन फेऱ्यांची. तेव्हा शिकाऊ होतो, सुटेल म्हणून भीती वाटायची. आता दोनच मारतो."

आईने तो मणी स्वतःच्या बोटाने चाचपून पाहिला. मग तिने विचारलं, "मग प्राध्यापक काय करत होते?"

"फोटो काढत होते," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "चांगले आले होते."

मी याला दुजोरा देऊ शकतो. ते फोटो लेख क्रमांक एकमध्ये आहेत, आणि कोपऱ्यात जे मनगट दिसतं, ते कोणाचं हे विचारण्याची वेळ आमच्या कक्षावर कधी आली नव्हती.

संमतीचा कागद आणला. क्रेनवालीने डोळे किलकिले करून हात पुढे केला. "सही मी करते. पेन कुठलं घेऊ, दोन दिसतायत."

"डावीकडचं धर, बाळ."

आईने तिचं मनगट धरलं आणि दोघींनी मिळून सही केली.

आता प्रश्न जागेचा. शस्त्रक्रियागृह क्रमांक एकमध्ये डॉक्टरीणबाईंचं काम चालू होतं. टाकेवाल्या डॉक्टरांचा वार गुरुवार. क्रमांक दोन मोकळं होतं, दिवे लागलेले, हत्यारं उकळलेली; आणि ते माझं होतं. उद्या आठ वाजेपर्यंत थांबता येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. दुपारपर्यंतचीही खात्री देत नाही, ते म्हणाले.

शस्त्रक्रियागृह वापरण्याच्या फॉर्मवर सही करायला मला चार मिनिटं लागली. त्यांपैकी तीन, ती कुठे करायची हे शोधण्यात गेली. माझ्या हुद्द्यासाठी त्या फॉर्मवर चौकट नव्हती. म्हणून 'शल्यविशारद' या चौकटीत केली. एकोणीस वर्षांत मी न वाचता किती सह्या केल्या असतील याची मोजदाद नाही. ही एक मी वाचून केली.

शस्त्रक्रिया एक तास दहा मिनिटं चालली. जुनी नळी खडूसारखी झाली होती. चिमट्यात धरली की तुकडा पडायचा. बाहेर आई फाईल मांडीवर घेऊन बसली होती, ती तिने उघडली मात्र नाही. एकदाच तिने मला विचारलं, की ते नवी नळी किती अंशात घालतील. मी सिस्टरना विचारलं, सिस्टरनी आत विचारलं. आतून उत्तर आलं: जशी नीट बसते तशी.

तीन वाजता क्रेनवालीने डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि विचारलं, "आई, पंखा एकच आहे ना?"

आईने मान वर करून नीट बघून सांगितलं, की एकच आहे.

यापुढचा भाग प्रशासकीय आहे. पण खरा पेच त्यातच होता. रुग्ण क्रमांक चारची पुनर्शस्त्रक्रिया झालेली नाही, असं चौसष्टाव्या लेखात छापून चाललं होतं, आणि ती तर वॉर्डात बसून पेज पीत होती. परिषदेची तातडीची बैठक झाली. अडीच तास चर्चा झाली. शेवटी एका ज्येष्ठ सदस्यांनी परिपत्रक बारकाईने वाचलं. परिपत्रकानुसार, शस्त्रक्रियागृहाचा वेळ ज्याच्या नावे असतो, त्याने केली ती शस्त्रक्रिया. बुधवारची वेळ माझ्या नावे होती. मी शल्यविशारद नाही. सबब जे झालं ती शस्त्रक्रिया नव्हे. मग ते काय होतं? माझ्या कक्षाच्या अखत्यारीत कोणकोणती कामं येतात, याची यादी मागवण्यात आली. यादीत मोजणी, पत्रव्यवहार, आणि 'उपकरणांची देखभाल व दुरुस्ती' एवढंच होतं.

त्यामुळे क्रेनवालीच्या डोक्यातल्या नव्या नळीची नोंद देखभालीच्या रजिस्टरात आहे. वरच्या ओळीत लिफ्टचा दोर बदलल्याची नोंद आहे, खालच्या ओळीत झेरॉक्स यंत्राचा रूळ. तिन्हींपुढे 'काम समाधानकारक' असा शेरा आहे आणि खाली माझी सही.

लेख मुदतीच्या तीन दिवस आधी प्रसिद्ध झाला. चारही कोऱ्या जागा मी भरल्या. घेर बँडेजसकट मोजावा लागल्याने तो दीड सेंटिमीटरने वाढलेला आला; लेखाच्या निष्कर्षात याला 'पंचविसाव्या वर्षीही दिसून येणारी आश्वासक वाढ' म्हटलेलं आहे. हास्य: आहे.

टाकेवाल्या डॉक्टरांना मी आपुलकीने सुचवलं, की तुम्हीही यावर लिहा, तुमचा निर्देशांक हलेल. ते म्हणाले, काय लिहू, नळी तुटली होती, बदलली. एवढ्याचा लेख होत नाही हे मला मान्य करावं लागलं. मुकादमासाठी चिठ्ठी मात्र त्यांनी लिहिली, तीही एका ओळीची. तीन महिन्यांनी क्रेनवाली पुन्हा काचेच्या खोलीत चढली.

आसनप्रदानाचा समारंभ झाला, तेव्हा ती वरच होती. सुट्टी मिळाली नाही असं तिने कळवलं. आईला मंचावर बसवलं होतं. तिला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. टाकेवाले डॉक्टर दाराशी उभे होते, कोणाचे तरी टाके काढायला जायचं म्हणून अर्धे आत, अर्धे बाहेर. आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग माईक जवळ ओढून घेतला आणि म्हणाली, की माझी मुलगी आज आहे, ती प्राध्यापकांच्या पद्धतीमुळे. टाळ्या झाल्या. दाराशी डॉक्टरांनीही वाजवल्या.

खाली उतरल्यावर मी तिला गाठलं आणि हळूच विचारलं, की असं का म्हणालात.

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "खरं मला काय माहीत नाही का भाऊ? त्यांना मी घरी जाऊन नमस्कार करून आले. पण चार माणसांत काय सांगू, दोनवाल्याने केलं म्हणून?"

समारंभानंतर क्रेनवालीचा हसरा फोटो, डाव्या बाजूचे भादरलेले केस पुन्हा वाढलेले बघून, मोठ्या फलकावर छापला गेला: 'पंचवीस वर्षं. एकही पुनर्शस्त्रक्रिया नाही. निर्देशांक चाळीस.' तेव्हापासून आमच्या कक्षाचा फोन खाली ठेवता येत नाही. गेल्या महिन्यात तीनशे सात जणांनी फोन केला. तीनशे सातही जणांनी निर्देशांक किती, एवढंच विचारलं. चाकू कोण धरतं, हे एकानेही विचारलं नाही.

आपणही त्यांत होतात. शेजारच्यांच्या बाळासाठी म्हणून आपण मोठ्या जिव्हाळ्याने चौकशी केलीत, मी चाळीस सांगितलं, आणि आपण हुश्श केल्याचं मला प्लायवुडपलीकडच्या गोंगाटातही ऐकू आलं. मग आपण प्राध्यापकांच्या प्रतीक्षा यादीत नाव घातलंत. आपला क्रमांक एकशे बारा आहे. वेळ साधारण चौदा महिन्यांनी मिळेल. प्राध्यापकांनी अकरा वर्षांत शस्त्रक्रिया केलेली नाही. त्यांच्या यादीतल्या सगळ्या मुलांच्या शस्त्रक्रिया टाकेवाले डॉक्टर करतात. त्यांच्या स्वतःच्या यादीत नाव घातलं, तर येत्या गुरुवारी सकाळी आठची वेळ मिळते. ती यादी कोरी आहे.